शेंब्यांची राजदूत

बुलढाण्यात थंडी उतरली की दोन गोष्टी दिसायला लागतात. रस्त्याच्या कडेला स्वेटरवाल्यांचे तंबू, आणि चौकाचौकात जुन्या मोटारसायकलींच्या प्रदर्शनाचे फ्लेक्स. यंदाही लागलेत. फ्लेक्सवर गाडी एकच आहे आणि आयोजक पोरांचे चेहरे मोजता येणार नाहीत इतके, त्यात गाडी सगळ्यांत लहान. गाडीच्या मागे बर्फाचे डोंगर आहेत. आमच्याकडे डोंगर आहेत, पण बर्फ बघायचा तर रसवंतीवर जावं लागतं. म्हणजे फोटो कुठून तरी उचललेला. फ्लेक्सखाली थांबून मी हे सगळं नीट बघून घेतलं, आयोजकांना मनातल्या मनात खोटं ठरवलं आणि तारीख लक्षात ठेवली. जाणार तर आहेच.

असं बघण्याची सवय धंद्यातली. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल देणं हे माझं काम. माणूस शपथेवर सांगतो की गाडी उभी होती, मागून कुणीतरी ठोकली. मी वाकून बघतो तर मार पुढून बसलेला. निम्म्या अर्जांत एकच वाक्य असतं, कुत्रं आडवं आलं. जिल्ह्यात जेवढी कुत्री नसतील तेवढी माझ्या फायलींमध्ये आडवी आलेली आहेत. एखाद्यानं म्हैस आडवी आली म्हणून लिहिलं तर मला त्याचं कौतुक वाटतं, निदान डोकं तरी चालवलं म्हणून.

पण धंदा नंतरचा, संशय आधीचा. तो घरचा. बीबी आमचं गाव, तिथं शेती. बाबा, म्हणजे माझे वडील, दूधवाल्याचं दूध आधी नाकाला लावून बघत आणि मग भांड्यात घेत. टरबूज वाजवून बघताना त्यांचे डोळे टरबुजावर नसत, विकणाऱ्याच्या तोंडावर असत. दारात पाहुणा आला की पाणी देत, बसायला देत आणि मग विचारत, "खरं सांग, काऊन आला?" माणूस नुसता भेटायला येऊ शकतो, यावर त्यांचा आजतागायत विश्वास बसलेला नाही. उन्हाळ्यात पंखा जास्त आवाज करू लागला तर ते आधी शेजाऱ्याच्या वायरकडे बघतात.

त्यांनी डोळे झाकून विश्वास टाकला तो एका राजदूत मोटारसायकलवर. थंडीतल्या सकाळी ते टाकी हलवून आतलं पेट्रोल ऐकत, चोक ओढत आणि मग चप्पल काढून अनवाणी पायानं किक मारत. पहिल्या एक-दोन किकांना ती नुसती खोकायची. मग निळसर धूर आणि जळलेल्या ऑइलचा तो गोडसर वास अंगणभर व्हायचा. तो वास अजून कुठं आला तर मी रस्त्यात थांबतो. मी टाकीवर बसायचो. आधी टाकी मांड्यांना बर्फासारखी लागायची, मग इंजिनाची ऊब हळूहळू वर यायची. मागे देविदासकाका, बाबांचा धाकटा भाऊ, दोन्ही हातांनी पोतं धरून. बाबांच्या मफलरची लोकर माझ्या तोंडात जायची. दोन्हीकडं तूर पिवळी फुललेली, कापूस फुटलेला, आणि दोघं भाऊ वाऱ्यावरून एकमेकांशी ओरडून बोलत असायचे. काय बोलायचे ते कळायचं नाही, पण हसत असायचे.

पोळ्याचं सांगायला हवं. त्या वर्षी आमच्या मोहऱ्या बैलाला बांधावर सापानं डसलं. जोडी मोडली. उरलेला एकटा बैल काकांच्या गोठ्यात, त्यांच्या एकट्या बैलाच्या जोडीला गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ज्याच्या खांद्यावर घराचं वर्ष पार पडलं त्याला हे रीतसर जेवणाचं बोलावणं. मायनं, माझ्या आईनं, सवयीप्रमाणे तूप-हळदीची वाटी ओट्यावर आणून ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्या दावणीला कुणीच नाही. बाबांनी ती वाटी उचलली. मग उठले, राजदूतपाशी गेले आणि तिच्या हँडलला तूप-हळद चोळायला लागले. आवतनही दिलं. माय पदर तोंडाला लावून हसत होती, पण डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मोहऱ्याच्या शिंगांच्या पितळी शेंब्या पेटीतून काढल्या. शेंब्या म्हणजे शिंगांच्या टोकांवर बसवायच्या टोप्या. लाख वितळवून त्या त्यांनी हँडलच्या दोन टोकांवर घट्ट बसवल्या. टाकीला गेरूचे ठिपके, दिव्याला झेंडूची माळ, आणि गाडी थेट तोरणाखाली बैलांच्या रांगेत. गाव पोट धरून हसलं. एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत आले, म्हणाले, पोळा बैलांचा असतो, सायलेन्सरचा नसतो, काढा ही बाहेर. बाबांचा चेहरा पडला. तेवढ्यात रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून काका आपले दोन्ही बैल घेऊन आले, एक गाडीच्या डाव्या बाजूला उभा केला, एक उजव्या. म्हाताऱ्याला एवढंच म्हणाले की आमच्या घरचं वर्षभराचं ओझं यंदा हिनंच वाहिलं, तिला उपाशी कसं ठेवणार? मग कुणी हसलं नाही. मला त्या दिवशी काका बाबांपेक्षा उंच वाटले होते.

शेंब्या मग हँडलवरच राहिल्या. उजवीला एक पोचा होता. मोहऱ्या चाऱ्याला उशीर झाला की गव्हाणीच्या दगडावर शिंग आपटायचा, त्याचा.

पुढचं मी घरी नसतानाचं आहे, म्हणून तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. मी मेहकरला वसतिगृहात शिकत होतो. थंडीचेच दिवस. बाबा आणि माय बाजारातून येताना पुलाजवळ गाडीवरून पडले. बाबांच्या कपाळाला टाके पडले, मायचा हात मोडला. मी भेटायला गेलो तर बाबांनी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते हेच सांगत होते, कुत्र्याच्या रंगासकट. माय काही बोलली नाही. नंतर ती बाबांना रोज दुधाबरोबर एक गोळी द्यायला लागली. कसली म्हणून विचारलं तर म्हणाली, पित्ताची.

मायचा हात अजून गळ्यात होता तोच कापूस विकायचे दिवस आले. कापसाची ट्रॉली घेऊन बाबा देऊळगाव राजाला जिनिंगच्या रांगेत मुक्कामी राहिले. परत आले तर ओसरीत राजदूतच्या जागी जमिनीवर तेलाचा डाग तेवढा होता. माय आदल्याच दिवशी माहेराहून, वरवट बकालहून, परतली होती. तिला विचारलं तर ती चुलीकडे वळली. काका पुढे आले आणि म्हणाले, मी दिली एकाला. कुणाला, काऊन, कशासाठी, या कशालाच त्यांनी उत्तर दिलं नाही. बाबांनी एकच अर्थ काढला की भावानं पाठीमागं गाडी विकून खाल्ली. ज्या माणसाचा टरबुजावर विश्वास नव्हता, त्याचा सख्ख्या भावावर कसा राहावा?

संक्रांत दोन चुलींवर झाली. अंगणात भिंत आली. विहिरीच्या पाळ्या ठरल्या. समोरासमोर दोन दारं, आणि एक उघडलं की दुसरं लागायचं. मीही काकांना बघून रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जायला शिकलो. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. घरात पाणी कुठल्या माठातून घ्यायचं ते जसं आपोआप कळतं, तसं ते कळलं. काही वर्षांपूर्वी माय गेली तेव्हा काका भिंतीपलीकडून धावत आले आणि अंगणात मटकन बसून रडले. बाबांनी डोळे पुसता पुसता माझ्या कानात विचारलं होतं, "याले काऊन एवढं रडू येऊन राह्यलं?" मलाही तो प्रश्न बरोबरच वाटला होता.

तर गेल्या हिवाळ्याची गोष्ट. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला मी बुलढाण्याला आणलं होतं. डोळ्यांत औषध टाकल्यामुळे त्यांना जवळचं काहीच दिसत नव्हतं, काळा चष्मा आणि मफलर अशा थाटात ते गाडीत बसले होते. वाटेत प्रदर्शनाचं मैदान लागलं. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बाबांनी विचारलं, गाड्या विकायला ठेवल्यात का? मी म्हटलं, नाही. भाड्यानं देतात? नाही. "मंग मांडल्या काऊन?" यावर मी नुसतं बघायला, असं म्हटलं. त्यावर त्यांनी चष्म्याआडून माझ्याकडे असं बघितलं की जणू यात मलाच काहीतरी मिळत असावं. शेवटी उन्हात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवलं, हातात चहा दिला आणि मी आत शिरलो.

मला जुन्या गाड्या मनापासून आवडतात, म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशीही सगळं मैदान चकचकत होतं आणि मला वास येत होता तो ताज्या रंगाचा. एका बुलेटवर पाटी होती, युद्धात वापरलेली. मी वाकून टाकीच्या खालची कड बघितली तर हिरव्या रंगाखाली झकास लाल रंग. लाल गाडी घेऊन कोण युद्धाला जातं? दुसऱ्या एका गाडीच्या सीटवर पाटी, पहिल्या दिवसापासूनची. शिवण चिखलीच्या सीटवाल्याची होती, मी त्याचा टाका ओळखतो. चामड्याची जाकिटं घातलेली पोरं एकमेकांच्या गाड्यांचे फोटो काढत होती आणि कुणीच कुणाला खरं विचारत नव्हतं. मी प्रत्येक गाडीपाशी थांबत होतो, मनात तिचा अहवाल लिहीत होतो आणि सुखात होतो. थंडीचं कोवळं ऊन होतं, कांदेपोह्यांचा वास होता, सगळ्या जगाची लबाडी उघड्यावर मांडलेली होती. हौशी माणसाला आणखी काय हवं.

रांगेच्या शेवटी एक राजदूत उभी होती.

आधी तिच्याकडे लक्ष गेलं ते परीक्षकांमुळे. पुण्याहून आलेले, दाढीवाले, गळ्यात भिंगाची दोरी. ते गाडीच्या हँडलवर वाकले होते आणि भोवतीच्या पोरांना समजावून सांगत होते की हँडलच्या टोकांवरचे हे पितळी भाग फार दुर्मीळ, बहुधा परदेशी पाठवायच्या गाड्यांना कंपनी बसवत असावी. त्यांनी मालकाला विचारलं, हे मूळचेच ना? मालक पन्नाशीपुढचा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हाताची बोटं शेतकऱ्याची. तो म्हणाला, गाडी माझ्याकडे आली तेव्हापासून आहेत. आणि गप्प राहिला. पोरांनी फोटो काढले. परीक्षकांनी मान हलवत काहीतरी टिपून घेतलं.

त्या शेंब्या होत्या. शेंब्या कुठल्याही शेतकऱ्याला कळतात. पुण्याच्या माणसाला नसतील कळत, पण या बोटांना कळतात. मग हा बोलला का नाही? जो माणूस खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही, त्याची फाईल मी सगळ्यात शेवटी बंद करतो.

परीक्षक पुढे सरकल्यावर मी वाकलो. उजव्या शेंबीवर पोचा. कडेला जुनी, काळी पडलेली लाख. समोर नंबरप्लेट नाही, तिच्या जागी नुसती पितळी पट्टी. मागेही नाही. गाडी आमचीच. चोर सापडल्याचा आनंद आणि त्याच्या गळ्याला धरावं असा राग, दोन्ही एकाच वेळी आले. मी आवाज शक्य तेवढा कामाचा ठेवून विचारलं, कुठले आपण? तो म्हणाला, वरवट बकाल. भास्करराव त्याचं नाव, संत्र्याची बाग. वरवट बकाल म्हणजे मायचं माहेर. कागद आहेत का म्हटलं. नाहीत म्हणाला. अगदी सरळ. गाडी कधी रस्त्यावर काढलीच नाही, बागेतल्या बागेत चालवली, आज टेम्पोत घालून राजूरचा घाट चढून आणली. मी म्हटलं, बिनकागदाची गाडी चोरीची समजतात, ठाऊक आहे ना? त्यानं माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, तुम्ही कुठले? बीबीचा म्हटल्यावर त्यानं टोपी काढून हातात घेतली.

मग हँडलकडे बोट करून म्हणाला, "या कशाच्या हाईत, सांगा बरं?"

"शेंब्या," मी म्हटलं. "आमच्या मोहऱ्याच्या."

तो राजदूतपाशी गेला, चोक ओढला, चप्पल काढली आणि किक मारली. दोनदा ती खोकली. मग तो आवाज, तो निळसर धूर, तो वास. गर्दीतली पोरं नाकाला रुमाल लावून मागे सरकली. मी मागे वळून खुर्चीकडे बघितलं तर खुर्ची रिकामी होती. बाबा काळा चष्मा लावून, हात पुढे करून, उभ्या गाड्यांच्या सीटा चाचपत येत होते. लोक बाजूला होत होते. त्यांना मी हात द्यायला गेलो, तर त्यांनी तो झटकला. सरळ राजदूतला येऊन भिडले. टाकीवर हात ठेवला, तिथून हँडलवर, हँडलवरून टोकापर्यंत. अंगठा पोच्यावर जाऊन थांबला. त्यांनी गाडीचा नंबर म्हटला, देवाचं नाव घ्यावं तसा.

भास्कररावांनी गाडी बंद केली. "हाव. तोच."

मला तेव्हा बाबांची भीती वाटली. एवढ्या वर्षांत त्यांनी भावाविरुद्ध मनात चालवलेला खटला, आणि आता साक्षीदार समोर. ते मान ताठ करून उभे राहिले. त्यांना एकच ऐकायचं होतं, तेच त्यांनी विचारलं, "देविदासनं देली ना तुले?"

भास्करराव म्हणाले की चालवत देविदासच आले होते. पण मागे एक बाई बसून आली होती. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं सीटची कड धरलेली. बोलली सगळी तीच. ती म्हणाली, माझ्या मालकाला झटके येतात. पुलाजवळ पडलो तेव्हा माझ्यासमोर त्यांचे डोळे फिरले होते. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलं, पण ते कुणाचं ऐकत नाहीत. गाडी दारात राहिली तर माणूस राहणार नाही. बागेत ठेवा, चालवा, पण आमच्या गावाकडे कधी नेऊ नका. आणि शेंब्या काढू नका, त्या घरच्या बैलाच्या आहेत. एवढं बोलून ती विहिरीवर पाणी प्यायला गेली. तेव्हा भास्कररावांनी देविदासला विचारलं होतं की तुमचा भाऊ तुमच्यावरच आळ घेईल, त्याचं काय?

"तं तो काय म्हनला?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

भास्करराव टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हनले, भाऊ माह्यावर कोपला तं मी वेगळा राहीन. वहिनीवर कोपला तं वहिनी कुठी जाईन?"

माईकवर कुणीतरी चहाच्या कुपनांबद्दल सांगत होतं. एक पोरगा गाडीचा फोटो काढायला आला, आमच्याकडे बघून परत गेला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यातला विम्याचा सर्व्हेअर कामाला लागला होता, याची मला लाज वाटते. कागद नाही. साक्षीदार एकच, आणि गाडी त्याच्याच ताब्यात. बाई हयात नाही. कशावरून हा आत्ता उभ्या उभ्या रचत नाही? तिकडे नेऊ नका म्हणाली होती तर बुलढाण्याला का आणली? मी तेही विचारलं. भास्करराव म्हणाले, बुलढाणा म्हणजे काही बीबी नाही. मग खाली बघत म्हणाले की मागच्या सालात बाईंच्या भावकीत लग्न होतं, तिथं त्या वारल्याचं कळलं. मला अजूनही ठरवता आलेलं नाही, तो माणूस ती गाडी तिथं बक्षिसासाठी घेऊन आला होता की कुणीतरी शेंब्या म्हणावं म्हणून.

सगळ्या शंकांवर बाबांनीच पाणी ओतलं. ते हँडलवरचा हात न काढता म्हणाले, "त्या दिवशी कुत्रं नव्हतं."

माझ्या आयुष्यात मी एवढ्या फायली बघितल्या, स्वतःहून कुत्रं मागे घेणारा माणूस तो पहिला.

भास्कररावांनी गाडी घेऊन जा म्हणून सांगितलं, टेम्पो देतो म्हणाले. बाबांनी मान हलवली. मला दिसत नाही आता, आणि तुझ्याकडे ती बरी आहे, असं काहीसं पुटपुटले. आम्ही निघत होतो तेव्हा माईकवर नावं पुकारली जात होती. राजदूतला दुसरं बक्षीस मिळालं, कंपनीचे दुर्मीळ मूळ भाग जपल्याबद्दल. भास्कररावांनी मागं वळून आमच्याकडे बघितलं. आम्हा तिघांपैकी कुणालाच हसू आलं नाही.

चिखली गेली, मेहकर गेलं. सुलतानपूरच्या पुढे तुरीचा वास आला तेव्हा बाबांनी काच खाली केली, एवढंच. मला वाटलं, घरी पोचलो की ते सरळ समोरच्या दारात जातील. ते गेले नाहीत. आपल्या ओसरीत बसले, जिथं पूर्वी तेलाचा डाग होता तिथं. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्यानंही नाही. हुरडा झाला, उन्हाळा झाला, पेरण्या झाल्या. मी दर खेपेला बीबीला जाऊन भिंतीकडे बघायचो. भिंत होती तिथंच होती. मग माझा घरचा संशय जागा झाला, आणि या वेळी तो बाबांवरच होता. त्यांनी ते मान्यच केलं नसावं. किंवा मान्य केलं आणि गिळून टाकलं. एवढी वर्षं ज्या रागावर माणूस उभा राहिला, तो राग काढून घेतला तर उभं कशावर राहायचं, हेही मला कळत होतं. तरी मला त्यांचा संताप आला. मायचाही आला. एक शब्द बोलली असती तर? आणि मग आठवलं, बोलली असती तर ती कुठं गेली असती.

न राहवून एकदा मी स्वतःच काकांकडे गेलो. इतक्या वर्षांनी त्यांच्या ओसरीत पाय ठेवला. ते दावं वळत बसले होते. मी वरवट बकालचं नाव काढलं. त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाले, "काऊन उकरून राह्यला बे जुनं? झालं ते झालं." हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा मात्र पाजला. निघताना विचारलं, भाऊच्या डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर? दुधाबरोबरची गोळी चालू आहे ना? पित्ताची, असं मी मायच्याच शब्दात म्हटलं. काकांनी मान खाली घालून पुन्हा दावं वळायला घेतलं.

आणि मग यंदाचा पोळा. आदल्या दिवशी दुपारनंतर मी बायकोला घेऊन बीबीला पोचलो. पाऊस उघडला होता, सगळ्या गल्लीला शेणाचा, पळसाच्या पानांचा आणि तळणाचा वास. बाबांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आता बरंच दिसत होतं. ते स्वयंपाकघरात डबे उघडत होते. माझ्या बायकोनं काय हवंय विचारलं तर म्हणाले, तूप. मग हळद. दोन्ही त्यांनी मायच्या जुन्या वाटीत कालवलं आणि वाटी हातात घेऊन बाहेर पडले. दावणीला आमच्याकडे अजूनही कुणी नाही. मी ओसरीतून बघत होतो. ते भिंतीला वळसा घालून गेले आणि समोरच्या अंगणात शिरले.

काका बंडी घालून बैलांचे खांदे शेकत होते. पाठमोरे होते. चाहूल लागली म्हणून वळले आणि भावाला बघून जागच्या जागी उभे राहिले. हातातली पानं खाली पडली. शेवटी तेही आमच्याच घरचे. विचारलंच त्यांनी, "खरं सांग भाऊ, काऊन आला?"

बाबांनी वाटीत बोटं बुडवली, मग ते पुढे झाले आणि काकांच्या खांद्यावर तूप-हळद चोळायला लागले, बंडीवरूनच. एक खांदा झाला, मग दुसरा. बैल माना वळवून बघत होते. काका हलले नाहीत.

"आज आवतन घे, देविदास," बाबा म्हणाले. "उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी काका भिंतीला वळसा घालून जेवायला आले. सणाचा दिवस, काकूंनी नवा सदरा काढून ठेवलेला होता म्हणे. ते तीच बंडी घालून आले होते, दोन्ही खांद्यांवर पिवळे डाग पडलेली.